फुटलेला ऱ

नेरूळच्या खाडीकाठी पक्षी बघणाऱ्या आमच्या गटाची वेबसाइट मी सांभाळतो. साधी, स्थिर पानांची. लेख मार्कडाउनमध्ये लिहायचा, ह्यूगो त्याचं एचटीएमएल करतो, ते सर्व्हरवर चढवायचं. बरेच महिने मी ते हातानंच चढवत होतो. महापेहून घरी आलो, जेवणं झाली, की फायली एकेक करून ओढायच्या.

मग एक लेख सापडेना. 'खाऱ्या पाण्याकाठी'. माझ्या संगणकावर उघडायचा, सर्व्हरवर ४०४. पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. फरक ऱ मध्ये होता. युनिकोडमध्ये तो ०९३१ या एकाच चिन्हानं लिहिता येतो, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता असाही. माझ्या जुन्या संगणकानं फाइलच्या नावातला ऱ फोडून ठेवला होता, दुव्यात तो अखंड होता. लिनक्सच्या लेखी ही दोन वेगळी नावं. वाऱ्यावर, कोपऱ्यात, किनाऱ्याला... मराठीत ऱ पावलोपावली भेटतो. दर वेळी मी तो डोळ्यांनी कसा पकडणार?

त्याच आठवड्यात बिल्ड लिनक्सवर नेलं. आता गिटवर पुश झालं की स्क्रिप्ट आधी फायलींच्या नावांतले ऱ सांधते, मग ह्यूगो चालवते, मग आतला प्रत्येक दुवा तपासते. एक जरी तुटका निघाला तरी तिथंच थांबते. सगळं नीट असेल तर आरसिंक पानं तारखेच्या नव्या फोल्डरात ठेवतं आणि शेवटची ओळ 'चालू' नावाचा सिमलिंक तिकडे वळवते. या ओळीवर माझा फार जीव आहे. जुना सिमलिंक पुसून नवा केला तर मधे क्षणभर साइटच नसते. म्हणून नवा बाजूला तयार करून एमव्हीनं जुन्याच्या जागी सरकवायचा. वाचकाला अर्धवट साइट कधीच दिसत नाही.

वेळ वाचतो म्हणून हे करावं, असं म्हणतात. महिन्याला दोन लेख. माझा वेळ उलट जास्तच गेला. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमननं १९७६ मध्ये 'मेक' हे बिल्डचं साधन लिहिलं, तेही एक सहकारी सकाळभर बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधत बसला म्हणून. दुरुस्ती झाली होती, फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. ती सकाळ मला चांगलीच ओळखीची वाटते.

परवा रात्री साडेअकराला गटातल्या एका ताईंनी रोहितांच्या नोंदीतला आकडा दुरुस्त केला. मी झोपलो होतो. सकाळी ठाणे लोकलमध्ये फोनवर पान उघडलं. नवा आकडा आलेला होता.