पैलवान रात्री काय खातात?

मित्रांनो, रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. जेवण होऊन दोन तास झालेले असतात. गृहपाठ अर्धा राहिलेला असतो आणि पाय मात्र आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. डब्याचं झाकण वाजलं की आतल्या खोलीतून आवाज येतोच, "कोण आहे रे तिकडे?" होतं ना असं?

त्यातून तुम्ही नुकतेच व्यायामशाळेत जायला लागला असाल, दंड भरावेत असं वाटत असेल, किंवा पोट कमी करायचं मनावर घेतलं असेल, तर प्रश्न आणखीच अवघड. एक मित्र म्हणतो, "सातनंतर तोंडात काही टाकायचं नाही, सगळं चरबीत जातं!" दुसरा म्हणतो, "झोपताना तांब्याभर दूध आणि सहा अंडी. त्याशिवाय बॉडी होतच नाही!" ऐकायचं तरी कोणाचं?

चला, यासाठी आपण कोल्हापूरला जाऊ या. खाणं आणि अंगमेहनत या दोन विषयांत या गावाचा अधिकार मोठा. जायचं मात्र दिवस मावळताना, बरं का!

अंबाबाईचं दर्शन घ्या, भवानी मंडपातून बाहेर पडा आणि चालतच खासबागेत या. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ साली तयार झालं. महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. तिथे रोममधलं प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. मैदान एखाद्या मोठ्या परातीसारखं आहे. मध्ये लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. अगदी मागे बसलात तरी कुस्ती स्वच्छ दिसते. हौद्यातली मातीसुद्धा साधी नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय मिसळलेलं असतं. माणसांप्रमाणे मातीलाही इथे खुराक लागतो!

आणि या मैदानाच्या शेजारीच काय आहे, सांगा पाहू? खाऊगल्ली! भेळ, वडे, गाड्यांवरचा खमंग वास. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, इथले पैलवान कुस्ती मारून थेट या गल्लीत येत असतील. पण नऊ-साडेनऊनंतर गल्लीत नीट पाहा. गर्दी असते ती नोकरदारांची, कॉलेजच्या मुलांची, सहकुटुंब फिरायला आलेल्यांची. म्हणजे कुस्ती बघणाऱ्यांची! लढणारी पोरं त्या वेळी तालमीत अंथरूण घालत असतात.

आता तिथून गंगावेशीकडे चला. पंचगंगेच्या घाटाकडे जाणारा हा जुना भाग. इथला दूध कट्टा प्रसिद्ध आहे. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसाळलेला पेला हातात देतो. कोमट, दाट, वर बोटभर फेस. कोल्हापूरकर माणूस जेवण झाल्यावर फिरत फिरत येतो, उभ्या उभ्या पेला रिकामा करतो आणि मिशीवरचा फेस पुसत घरी जातो. याला म्हणतात धारोष्ण दूध.

हे दृश्य मोठं मजेदार आहे, पण एक गोष्ट स्पष्टच सांगतो. न तापवलेल्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलोसिस नावाच्या चिवट तापाचे जंतू पोटात जाऊ शकतात. ताकद म्हणाल तर तापवल्याने दुधातलं प्रथिन कुठे पळून जात नाही. तेव्हा कट्टा डोळे भरून बघा, दूध मात्र उकळलेलंच प्या. कोल्हापूरकर माझ्यावर रागावतील. रागावू देत!

पावशेर, म्हणजे साधारण पाव लिटर म्हशीच्या दुधात नऊ-दहा ग्रॅम प्रथिन असतं आणि अडीचशेच्या आसपास कॅलरी. पन्नास किलो वजनाच्या मुलाने तासभर भरभर चाललं तर एवढ्या कॅलरी जेमतेम खर्च होतात. मग पैलवान रोज एवढं दूध पितात तरी कसे?

त्यासाठी तालमीतला दिवस पाहायला हवा. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा कोल्हापुरात नावाजलेल्या तालमी आहेत. खेड्यापाड्यांतून आलेली पोरं तिथेच राहतात. पहाटे चार-साडेचारला दिवा लागतो. पळणं, जोर, बैठका, मग लढती. थंडीत दार उघडलं की पोरांच्या अंगातून वाफा निघताना दिसतात! मग थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी दगडी कुंडीत घालून दांडक्याने घोटायचं आणि दुधात कालवायचं. हे घोटणं हाही एक व्यायामच. नवीन पोराला ते काम दिलं की तासाभरात त्याला आपल्या खांद्यांचा पत्ता लागतो. मग जेवण आणि झोप. हो, भर दुपारी झोप! चारच्या सुमाराला पुन्हा मेहनत. दिवेलागणीनंतर जेवण, दूध आणि नऊ-साडेनऊला तालीम गुडूप. रात्री उशिरा कोणी बाहेर रेंगाळताना दिसला, तर वस्ताद त्याला दुसऱ्या दिवशी दोनशे बैठका जास्तीच्या घालायला लावतात.

आपण या सगळ्यातलं काय उचलतो? फक्त दूध! पहाटेचे चार आपण सोडून देतो आणि रात्रीचे नऊही.

झोपण्याआधी प्रथिन खाल्लं तर स्नायू वाढतात का, हे शास्त्रज्ञांनीही तपासलं आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त विद्यापीठात २०१२ साली सोळा तरुणांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी संध्याकाळी व्यायाम केला आणि काहींनी झोपण्यापूर्वी चाळीस ग्रॅम केसीन घेतलं. दुधातलं बहुतेक प्रथिन म्हणजे हे केसीन. ते सावकाश पचतं. ज्यांनी ते घेतलं त्यांच्या शरीरात रात्रभरात स्नायू बांधण्याचं काम सुमारे बावीस टक्क्यांनी जास्त झालं. आता हिशेब करा. चाळीस ग्रॅम केसीन दुधातून मिळवायचं तर म्हशीचं दूध सव्वा लिटर लागेल. बसा पीत! त्याच विद्यापीठातला २०१५ चा दुसरा प्रयोग बारा आठवड्यांचा होता. त्यातही रात्री प्रथिन घेणाऱ्यांचे स्नायू जास्त वाढले. पण त्यांना दिवसभरात मिळणारं एकूण प्रथिनही दुसऱ्या गटापेक्षा जास्त होतं. म्हणजे श्रेय रात्रीच्या वेळेचं की वाढलेल्या खुराकाचं? मला विचाराल तर खुराकाचं. सकाळी चहा-बिस्किटावर शाळेत जायचं, दुपारचा डबा अर्धा परत आणायचा आणि रात्री अकराला बदाम चावत बसायचं, याला पैलवानी म्हणत नाहीत.

आणि "सातनंतरचं सगळं चरबीत जातं" हेही खरं नाही. पोटाला घड्याळ वाचता येत नाही. दिवसभरात खर्चापेक्षा जास्त खाल्लं की साठा होतो, कमी खाल्लं की साठ्यातून खर्च होतो. उशिराच्या खाण्याची खोड वेगळीच आहे. त्या वेळी कोणी मटकीची उसळ करून खात नाही. हाताशी येतं ते फरसाण, बिस्किटं, झटपट शेवया. शेवयांच्या छोट्या पुड्यात तीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि प्रथिन मात्र सात-आठ ग्रॅमच. समोर मोबाइल चालू असेल तर पुडा कधी संपला ते कळतही नाही.

त्यात जागरणाची भर! शिकागो विद्यापीठात बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा तास अंथरुणात घालवू दिले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : कमी झोपल्यावर भूक वाढवणारं संप्रेरक अठ्ठावीस टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं अठरा टक्क्यांनी घटलं. हवंहवंसं वाटलं ते गोड, खारट आणि पिठूळ खाणं. म्हणजे रात्री साडेअकराला फरसाणाचा डबा हाक मारतो, तेव्हा बोलत असते ती झोप! वाढीचं संप्रेरक गाढ झोपेतच भरपूर सुटतं. तुमच्या वयाला, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना, आठ ते दहा तास झोप लागते. तालमीतली पोरं रात्रीची आणि दुपारची मिळून ती बरोबर वसूल करतात.

तालमीत आणखी एक वस्तू असते. वजनकाटा. लाल मातीत पूर्वी जोड बघून कुस्ती ठरायची, पण मॅटवरच्या कुस्तीत वजनगट असतात आणि आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुलीही मॅटवर लढतात. काटा किती निष्ठुर असतो, ते सगळ्या देशाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत पोहोचली. कुस्त्यांच्या मध्ये खाणंपिणं झालं, वजन वाढलं. मग रात्रभर ती झोपली नाही. व्यायाम केला, घाम काढला, केसही कापले. सकाळी काटा पन्नास किलो शंभर ग्रॅमवर थांबला. शंभर ग्रॅम! अंतिम कुस्ती गेली आणि पदकही गेलं. दोन दिवसांनी अमन सेहरावतने एका रात्रीत साडेचार किलोंवर वजन उतरवलं आणि ५७ किलो गटात ब्राँझ मिळवलं.

हे ऐकून कोणाला वाटेल, वा! एका रात्रीत साडेचार किलो! पण ती चरबी नव्हे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे सात हजार सातशे कॅलरी. साडेचार किलोंना चौतीस हजारांवर कॅलरी लागतील. एका रात्रीत त्या कोण जाळणार? उतरलं ते बरंचसं पाणी. दोन पेले पाणी प्यायलं की काटा पुन्हा वर. हे उद्योग पैलवान डॉक्टर आणि प्रशिक्षक शेजारी ठेवून करतात, आणि तरीही विनेशला त्या रात्रीनंतर सलाईन लावावं लागलं. शाळेच्या स्नेहसंमेलनाआधी रात्रीचं जेवण बंद करणाऱ्या मैत्रिणींनो, आणि स्वेटर घालून उन्हात पळणाऱ्या मित्रांनो, ऐकताय ना? वजन खरोखरच जास्त असेल तर डॉक्टरांना विचारा. वाढत्या वयात ताटच काढून टाकलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि रात्री अकराला भूक दुप्पट होऊन परत येते.

घाई न करता वजन कसं वाढतं, याचं उदाहरण कोल्हापुरातच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलो गटात लढले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात लढून त्यांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दोन गटांत अंतर किती? पाच किलो. मध्ये वर्षं किती? चार! आणि आपण महिन्याभरात आरशात दंड मोजायला लागतो.

मग रात्री खरीच भूक लागली तर? खा की! उकळलेलं दूध, मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, एखादं उकडलेलं अंडं, दहीभात. वाडग्यात काढून घ्या, डबा जागेवर ठेवा आणि मग बसा. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळतं, मूठभर शेंगदाण्यांतूनही जवळपास तेवढंच. जेवणानंतर तासाभरात पोट ओरडतंय असं वाटलं, तर आधी घड्याळ बघा आणि किती वाजता उठायचंय ते आठवा. अनेकदा ती भूक नसते, पेंग असते.

आणि कोल्हापूरला जाल तेव्हा मुक्काम करा. पहाटे उठून कोणालातरी मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि एखाद्या तालमीत जा. चपला बाहेर काढायच्या, हौद्याला हात लावून नमस्कार करायचा आणि कडेला गप्प उभं राहायचं. वस्ताद हसून "काय भावा, जोर मारतोस काय?" असं विचारतील. नाही म्हणू नका. दहा जोर मारून बघा. अकरावा कोणी मारला तर मला जरूर कळवा!