चौलचे बंदर आणि कोर्लईचा डोंगर

आम्ही बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील माणसे. आमच्या मुलखाला समुद्र नाही. श्रावणात ज्वारीची आणि तुरीची शेते वाऱ्याने हलू लागली म्हणजे तोच आमचा समुद्र. आमच्या मातोश्रींनी सत्तरी ओलांडली, तरी खारे पाणी त्यांच्या दृष्टीस पडले नव्हते. "डोळे मिटण्यापूर्वी एकदा दर्या दाखव," असे त्या वरचेवर म्हणत. अखेर नाताळच्या सुटीत आम्ही सहकुटुंब निघालो. पुण्यापर्यंत आगगाडीने व तेथून एस. टी.ने अलिबागेस येऊन मुक्काम केला. दुसरा सबंध दिवस आम्ही चौल-रेवदंड्यास आणि कोर्लईच्या डोंगरास दिला. त्या दिवसाची ही हकीकत.

मुंबईची चौपाटी सोडून चौलच का, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की चौल हे एके काळी आमच्या बीदरचा समुद्राकडील दरवाजा होते. बहामनी सुलतानांनी १४३० च्या सुमारास आपली राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुरगीहून, बीदरला आणली. त्यांच्या फौजेला लागणारे घोडे अरबस्तानातून व इराणातून जहाजांनी येत आणि चौल, दाभोळ अशा बंदरांत उतरून घाट चढत. सुमारे १४६९ साली असाच एक घोडा घेऊन अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलास उतरला. पुढे १९५७ साली त्याच्यावर 'परदेशी' हा चित्रपटही निघाला. त्याच्या स्मरणार्थ रेवदंड्यास एका शाळेच्या आवारात काळ्या दगडाचा स्तंभ उभारला आहे. सकाळी आमची पहिली भेट त्याच स्तंभाला झाली.

निकितीन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. चौलाहून घाट चढून तो जुन्नरास गेला. तेथील खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदलशील तरच तो परत मिळेल, असे बजावले. खुरासानच्या एका मुसलमानाने रदबदली केली, तेव्हा घोडाही सुटला आणि माणूसही. पुढे बीदरला तो बरेच दिवस राहिला. महमूद गवानाचा जो मदरसा आम्ही बाजारहाटाला जाता-येता पाहतो आणि जो १४७२ साली पुरा झाला, त्याच्याच उभारणीचा तो काळ. वाटेत लुटारूंनी निकितीनचे ग्रंथ नेले होते. त्यामुळे सणवारांचा हिशेब त्याच्यापाशी उरला नव्हता. पास्काचा सण नेमका केव्हा, हे सांगणारे कोणी नव्हते. तरी त्याने अंदाजाने उपवास धरले; एका वर्षीचा पास्का तर त्याने कलबुरगीस पाळला. तो मायदेशी निघाला, पण आपल्या गावी पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याने लिहून ठेवलेली वही मात्र राहिली. हे सारे आम्ही मुलांना सांगत होतो, तेव्हा मातोश्री स्तंभापुढे हात जोडून उभ्या होत्या. "बिचारा एकटाच होता की," एवढेच त्या म्हणाल्या.

तेथून आम्ही नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चालत निघालो. वाटा सावलीच्या, दुतर्फा गडगे, आणि विहिरीच्या पाण्याने ओले झालेले पाट. रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांचा आहे. त्यांनी १५२१ साली निजामशाहाकडून परवानगी मिळवली आणि तीनेक वर्षांत किल्ला बांधला. आज तटाच्या आत नांदते गाव आहे. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा उंच मनोरा लोक 'सातखणी' म्हणून ओळखतात. त्याचे वरचे मजले ढासळले आहेत. आसपास इतर चर्चांच्या भिंतीही दिसतात. त्यांना छप्पर नाही, वेदी नाही, दगडांच्या सांध्यांतून पिंपळ उगवला आहे. याच गावात बेने इस्राएल समाजाचे 'बेथ एल' हे प्रार्थनामंदिरही आहे. या यहुदी मंडळींची घरची भाषा मराठी. पूर्वी त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा; परंतु शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आता त्यांच्यापैकी बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली आहेत.

तट ओलांडून किनाऱ्यावर आलो आणि मातोश्रींना समुद्र दिसला. त्या काही बोलल्या नाहीत. लुगडे घोट्यावर धरून पाण्यात उभ्या राहिल्या, ओंजळभर पाणी चाखले आणि तोंड वाकडे करून हसल्या. आम्ही तेथेच बसून घरून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

येथे एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे. आमची थोरली कन्या नववीत आहे. गेले वर्षभर ती घरी मराठी बोलेनाशी झाली होती. आमच्याकडे शेजारी कानडी, बाजारात उर्दू आणि घरात मराठी. साहजिकच आमच्या मराठीत या सर्वांची सरमिसळ असते. सुटीत पुण्याकडच्या कोणा मुलींनी तिच्या बोलण्याची नक्कल केली आणि तेव्हापासून तिने मराठीत तोंड मिटले. रात्री जपमाळेच्या वेळी आजी सुरुवात करी आणि ही गप्प राही. रागावून पाहिले, समजावून पाहिले. "ती धड भाषाच नाही," असे ती म्हणाली, त्या दिवशी मातोश्री जेवल्या नाहीत.

दुपारी कुंडलिका खाडीवरील पूल ओलांडून आम्ही रिक्षाने कोर्लईस गेलो. डोंगराच्या पायथ्याशी मासेमारी करणाऱ्यांचे आणि शेतकऱ्यांचे गाव आहे. त्यात माउंट कार्मेल मातेचे चर्च असून गावातील ख्रिस्ती वस्ती त्याच्याभोवती आहे. पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहाकडून कोर्लईचा डोंगरी किल्ला घेतला. पुढे वसई पडल्यानंतर, १७४० साली, चौलसह तो मराठ्यांच्या हाती आला. धनवान पोर्तुगीज कुटुंबे निघून गेली. जी गरीब ख्रिस्ती माणसे मागे राहिली, त्यांचीच ही वंशावळ. त्यांनी आपली एक बोली जपली आहे. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण पुष्कळशी मराठीसारखी. ती बोलणारे आज हजारभरच असतील. जगभरचे भाषापंडित तिचा अभ्यास करतात. गावकरी मात्र तिला साधेपणाने 'नॉ लिंग', म्हणजे आमची भाषा, म्हणतात.

चर्चच्या पायरीवर एक वृद्ध बाई नातवाला काहीतरी दटावत होत्या. आम्हांला एक अक्षर कळले नाही. आम्हांला पाहताच त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "या, बसा. कुठून आलात?" बीदर म्हटल्यावर त्यांना ते ठाऊक नव्हते. मातोश्रींनी शेजारी बैठक मारली आणि दोघींचे चांगले जमले. बोलता बोलता आमच्या कन्येने विचारले, "आजी, तुमची भाषा शाळेत शिकवतात का?"

"शाळेत कोण शिकवणार बाय?" त्या म्हणाल्या. "शाळेत मराठी. ही चुलीपाशी शिकायची."

"कोणी हसत नाही?"

"हसतात की. आम्हीही हसतो. पण पोराला निजवायचे ते दुसऱ्या कुठल्या भाषेत?"

यावर आमची कन्या गप्प राहिली. आम्हीही बोलण्याचे टाळले. चार वाजता डोंगर चढण्यास निघालो.

डोंगर म्हणजे समुद्रात शिरलेली एक लांबट सोंड आहे. तिन्ही बाजूंस पाणी. पायथ्याशी दीपगृह असून तेथूनच वर वाट जाते. मातोश्री दीपगृहापाशी सावलीत बसून राहिल्या. वर एकामागून एक दरवाजे, तटबंदी, पाण्याचे टाके, छप्पर हरवलेले लहानसे चर्च आणि पोर्तुगीज भाषेतील शिलालेख. माथ्यावरून पलीकडे रेवदंड्याचा तट व माडांची रांग दिसते. खाडीच्या मुखातून मच्छीमारांच्या होड्या परतत होत्या.

तेथे आम्ही मुलांना एक कोडे घातले. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, पाद्री : हे शब्द कोठचे? मुले म्हणाली, मराठी. ते पोर्तुगीजांबरोबर समुद्रावरून आले आणि घाट चढून आमच्या आजीच्या तोंडी बसले. आज त्यांना परके म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मग आमच्या मराठीत चार कानडी नि उर्दू शब्द राहिले, तर ती मोडकी कशी ठरते? आम्ही एवढेच विचारले. कन्येने उत्तर दिले नाही. ती बराच वेळ खालच्या गावाकडे पाहत होती.

उतरताना आमच्या मनात एकच विचार घोळत होता. येथे ज्याला तट होता, तोफा होत्या, राजाची मुद्रा होती, ते सारे पडले. जे चुलीपाशी होते ते टिकले. १९५६ साली राज्ये भाषावार झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. कानडी ही आमच्या राज्याची भाषा. ती आमच्या मुलांनी उत्तम शिकावी, तिच्यावर प्रेम करावे. परंतु घरची भाषा शाळेने राखावी, सरकारने राखावी, असे म्हणत बसलो तर ती राहणार नाही. ती राखणे आमच्या ओसरीवरचे काम आहे. आणि मुलाला तिची लाज वाटू लागली, तर त्यात निम्मा दोष आम्हां वडीलधाऱ्यांचा. आम्हीच पाहुण्यांसमोर आवाज बदलून बोलतो, हे आम्हांला त्या उतरणीवर प्रथम जाणवले.

रात्री अलिबागेच्या मुक्कामी मातोश्रींनी जपमाळ काढली. त्या दमल्या होत्या. दुसऱ्या रहस्याला त्यांचा आवाज बसला. क्षणभर शांतता झाली. मग कोपऱ्यातून आमच्या कन्येने 'नमो मारिया' उचलली, अगदी आमच्या भालकीच्या हेलात. कोणी मान वळवून पाहिले नाही. मातोश्रींनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि मणी पुढे सरकवला.