पत्रादेवीच्या वाटेवर

१८ जून, कट्टा
सकाळपासून पावसाची झड लागलीय. १९४६ साली आजच्याच दिवशी, अशाच पावसात, पोर्तुगीज गोव्यातल्या मडगावच्या सभेला डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस आले. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन मिरांडाने पिस्तूल रोखलं. लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. लग्नपत्रिकेलाही सेन्सॉरची मंजुरी लागायची, त्या मुलखात भर चौकात बोलायला उभं राहणं हाच उठाव होता. दोघांनाही अटक झाली. पुढे गोव्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि थेट पोर्तुगालच्या तुरुंगात धाडलं. भाषणाची ही किंमत पाहूनच काही तरुणांनी दुसरी वाट धरली. १९४७ मध्ये विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी आणि त्यांच्या सोबत्यांनी आझाद गोमंतक दल उभं केलं.

२५ जून
मोहन रानडे गेले तो हा दिवस, २०१९ चा. सांगलीकडचा हा मुलगा गोव्यात मराठी शिकवायला गेला आणि दलात सामील झाला. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा सव्वीस वर्षांची. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटले जानेवारी १९६९ मध्ये. मुक्तिदिनाचे हार-तुरे, भाषणं होत राहिली आणि हा माणूस सात वर्षं कोठडीतच होता, हे वाचलं की अजून पोटात तुटतं.

२२ जुलै
१९५४ साली आज पोर्तुगीजांच्या ताब्यातलं दादरा मुक्त झालं. २ ऑगस्टला सिल्वासाही मोकळं झालं. सिल्वासा सोडवणाऱ्या तुकडीत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. स्वरांत आणि इतिहासात रमणारी माणसं जिवावर उदार होऊन निघाली होती.

३० जुलै
पुढच्या महिन्यात इथल्या बॅ. नाथ पै सेवांगणात मुलांशी शस्त्र कधी उचलावं या विषयावर बोलायचं आहे, म्हणून अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याबद्दल वाचतोय. बॉस्टनच्या बंदरात चहा फेकला १७७३ मध्ये. लेक्सिंग्टनला गोळी सुटली एप्रिल १७७५ मध्ये. आणि त्यानंतरही, जुलैत, वसाहतींनी इंग्लंडच्या राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला! राजाने तो हातातही घेतला नाही. पुढच्या जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. रक्त सांडल्यावरही माणसं एकदा विनवून पाहतात. आपल्या गोव्यातही सत्याग्रह आणि पिस्तूल एकाच वर्षी, १९५५ मध्ये, शेजारी शेजारी चालले होते.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन आटोपून निघालो. कसालला महामार्ग धरला. कुडाळ, सावंतवाडी, बांदा, मग गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी. १९५५ साली याच दिवशी सत्याग्रही हातात फक्त तिरंगा घेऊन हद्द ओलांडत होते. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी सरहद्दीवर वीसहून अधिक माणसं मेली. पंजाबचा कर्नेलसिंग इथेच पडला. स्मारकापुढे उभं राहिलं की कळतं, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राज्यात या मरणाची दखल घेणारं कुणी नव्हतं. इंग्रजांच्या पार्लमेंटात निदान कुणी प्रश्न विचारायचा, विलायतेतली वर्तमानपत्रं छापायची. लिस्बनमध्ये विरोधकांच्या तोंडालाच कुलूप. सत्याग्रह समोरच्याच्या काळजाला हात घालतो. ते काळीज पिंजऱ्यात असेल तर?
गोळीबारानंतर दिल्लीने सत्याग्रह थांबवला आणि हद्द बंद झाली. संध्याकाळी शेजारचे आजोबा म्हणाले, "आमची कुळदेवी थंय, आणि आमी हंय. पाखले जाईपर्यंत ओटी भरूक जावक गावला नाय." पाखले म्हणजे पोर्तुगीज.

१६ ऑगस्ट
मुलांना सांगायचं ते आता ठरलं. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. सगतसिंगांची पॅरा ब्रिगेड आपल्या दोडामार्गाकडून पणजीपर्यंत पोचली. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. पण म्हणून सत्याग्रही हरले आणि बंदूक जिंकली, असं मी सांगणार नाही. निःशस्त्र माणसांवर गोळ्या घालणाऱ्या राजवटीचं खरं रूप त्यांनी स्वतःच्या देहाने जगाला दाखवलं. शस्त्र उचलायचा हक्क हा असा कमवावा लागतो: आधी सगळे दरवाजे ठोठावून, प्रत्येक ठिकाणी उत्तराची वाट पाहून. मुलांना ते दरवाजे एकेक करून, तारखेनिशी सांगेन.