दिशाव्रत, भोगव्रत आणि रोमचे ताट

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये सहावे व्रत दिशेचे आहे आणि सातवे भोगोपभोगाचे. कोणत्या दिशेला किती लांब जायचे याची मर्यादा सहाव्या व्रतात, आणि तेथे गेल्यावर काय व किती वापरायचे याची मर्यादा सातव्यात. ही दोन व्रते एकापाठोपाठ यावीत, यात मोठे औचित्य आहे. घरापासून माणूस जितका लांब जातो, तितकी त्याच्या जिभेची परीक्षा कठीण होते. आपल्या व्यापारी घराण्यांनी मारवाडातून दख्खनेत येताना ही परीक्षा दिली. आता त्यांचीच नातवंडे-पतवंडे विमानाने युरोपात जातात, तेव्हा प्रश्न तोच असतो, फक्त ताट बदललेले असते.

नगरच्या कापडबाजारात दुकान असलेले एक दांपत्य मागच्या वर्षी एप्रिलअखेरीस रोमला गेले. विवाहाला तीस वर्षे झाली होती. सणासुदीला दुकान, लग्नसराईला दुकान, अशी ती वर्षे गेली. मुलाने तिकिटे काढली आणि एकच अट घातली, की या वेळी सोबत आचारी असलेल्या सहलीबरोबर जायचे नाही. शेठजी पूर्वी एकदा तशा सहलीला जाऊन आले होते. सात देश पाहिले आणि सातही देशांत पुरी-भाजी खाल्ली, असे ते स्वतःच हसत सांगत. रोममध्ये आठ दिवस, एकच शहर, लहानसे स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर आणि पायी फिरणे, असा बेत ठरला.

बाईंच्या मनात मात्र धाकधूक होती. आचार्य आनंदऋषीजी महाराजांची जन्मभूमी चिचोंडी याच जिल्ह्यातली आणि आनंदधाम नगर शहरातच. त्या वातावरणात वाढलेल्या बाईंचा चोविहार कित्येक वर्षांत चुकला नव्हता. कंदमूळ वर्ज्य, आणि रोज सकाळी चौदा नियम धारताना त्या दिवसाची द्रव्ये मोजून ठरवायची, हा त्यांचा परिपाठ. शेठजींचा चोविहार चातुर्मासापुरता. जेवणाच्या शहरात आपण यांना ओझे होऊ, हे एका टेबलावर जेवतील आणि आपण समोर बसून पाहत राहू, ही त्यांची खरी भीती होती. निघण्यापूर्वी त्या एवढेच म्हणाल्या, “अहो, तुम्ही माझ्यासाठी उपाशी राहू नका.” शेठजींनी उत्तर दिले नाही.

सामान भरताना पहिला धडा मिळाला. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी आणि तुपाचा डबा घरीच राहिला. खाखरे, मुगाचे पापड, कोरडी चटणी आणि भाजलेले पोहे एवढेच पेटीत गेले. बाकीचे तेथील बाजारावर सोपवले.

रोमच्या बाजाराने विश्वासघात केला नाही. काम्पो दे फियोरी या चौकात 1869 पासून भाजीबाजार भरतो. ओल्या शेंगा, कोवळे दुधीसारखे झुकिनी, टोमॅटो, तुळशीच्या कुळातला बासिलिको, लिंबे यांचे ढीग पाहून बाईंना दाळमंडई आठवली. याच चौकात 1600 साली जोर्दानो ब्रूनो या विचारवंताला त्याच्या मतांसाठी जिवंत जाळले. त्याचा पुतळा बाजाराच्या मधोमध उभा आहे. हातात भाजीची पिशवी घेऊन दोघे त्या पुतळ्यापुढे थोडा वेळ थांबले. दुसऱ्याचे म्हणणेही अंशतः खरे असू शकते, हे सांगणारा अनेकांतवाद किती मोठी गोष्ट आहे, ते अशा ठिकाणी कळते.

पास्त्याविषयी एक भ्रम लगेच दूर झाला. सर्वच पास्त्यांत अंडे असते असे नाही. इटलीच्या कायद्याप्रमाणे सुका पास्ता कठीण गव्हाच्या रव्याचाच करावा लागतो. पाकिटावरच्या घटकांत रवा आणि पाणी एवढेच असेल, तर तो चालतो. ताजा, पिवळसर पास्ता बहुधा अंड्याचा. झुकिनी, टोमॅटो, ऑलिव्हचे तेल आणि बासिलिको घालून बाईंनी पहिल्या दिवशी घरी पास्ता केला, तेव्हा शेठजी म्हणाले, “तेल बदललं की शेवयांची चवच बदलते.” उत्तम ऑलिव्ह तेलाला किंचित तिखट आणि कडवट चव असते. एक द्रव्य मोजले जाते, पण ते सारे ताट पेलून धरते.

खरी अडचण चीजची होती. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहण्याची सवय. तेथे तसा ठिपका नाही. दूध गोठवण्यासाठी तेथील परंपरागत चीजमध्ये रेनेट वापरतात आणि ते कापलेल्या कोवळ्या जनावराच्या जठरातून काढलेले असते. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांतच वासराचे रेनेट सांगितले आहे. पेकोरिनो रोमानोला कोकराचे लागते. रोमचा प्रसिद्ध ‘काच्यो ए पेपे’ हा पास्ता म्हणजे पेकोरिनो आणि मिरी. कांदा नाही, लसूण नाही, मांस नाही. म्हणून तेथील वाढपी तो पूर्ण शाकाहारी म्हणून सांगतो आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरेही असते. मुलाने आधीच ही माहिती काढून दिली होती, म्हणून दोघांनी तो टाळला. वनस्पतीचे रेनेट असेल तर वेष्टनावर ‘काल्यो व्हेजेताले’ असे लिहिलेले असते. दुकानात ते शब्द शोधायचे. बटाट्याचे न्योक्की, कच्च्या अंड्याचे तिरामिसू, जिलेटिनचा पान्ना कोत्ता आणि कधी डुकराची चरबी घातलेला फोकाच्या, हेही ओळखून ठेवावे लागतात.

बाईंनी चार शब्द पाठ केले होते. ‘सेन्झा’ म्हणजे विना. पुढे ‘आल्यो’ लसूण, ‘चिपोल्ला’ कांदा, ‘उओवा’ अंडी. पहिल्या दिवशी त्या संकोचून बोलल्या. तिसऱ्या दिवशी वाढपीच स्वयंपाकघरातून विचारून येऊ लागला. रोमचा माणूस जेवणाविषयी विचारलेल्या प्रश्नाचा राग मानत नाही. उलट, जेवण गांभीर्याने घेणारे गिऱ्हाईक त्याला आवडते.

संध्याकाळचा प्रश्न राहिला होता. एप्रिलअखेरीस रोमला सूर्यास्त आठच्या सुमारास होतो आणि भोजनगृहे साधारण सात-साडेसातला उघडतात. धावतपळत जेवण्यात काही अर्थ नव्हता. तेव्हा मुख्य जेवण दुपारी, बाहेर, निवांत. आणि संध्याकाळी साडेसहाला भट्टीवरून पिझ्झा बियांका, म्हणजे तेल-मीठ लावलेली साधी पोळीसारखी भाकर, आणि घरी फळे, असा क्रम लागला. तो पिझ्झा कात्रीने कापून वजनावर विकतात. तराजूचा काटा पाहून शेठजींना मनापासून आनंद झाला. उभ्याने काऊंटरवर कॉफी घेतली तर स्वस्त आणि टेबलावर बसलात तर महाग, हा हिशेबही त्यांना फार पटला.

पाण्याच्या बाबतीत रोमने त्यांना खरोखर जिंकले. शहरभर ‘नासोनी’ नावाचे ओतीव लोखंडाचे नळ आहेत. 1874 पासून बसवलेले, सुमारे अडीच हजार. पिण्याचे थंड पाणी अखंड वाहते. तोटीवर बोट धरले की वरच्या लहान भोकातून धार उडते. इ. स. पूर्व 19 मध्ये अग्रिप्पाने आणलेला ‘आक्वा व्हिर्गो’ हा जलमार्ग आजही त्रेव्ही कारंज्याला पाणी पुरवतो. निजामशाहीत नगरलाही दूरच्या विहिरींतून भूमिगत खापरी नळांनी पाणी आणले होते. त्यांचे अवशेष उरले, वाहणे थांबले. बाई बाटलीच्या तोंडाला फडके बांधून पाणी गाळत, तेव्हा शेजारची एखादी वृद्धा कुतूहलाने पाही. कोणी हसले नाही. दारूच्या यादीला नम्र नकार देऊन ‘आक्वा’ मागितले, तरीही कोणी हसले नाही.

सहाव्या दिवशी दोघे जुन्या ज्यू वस्तीत गेले. रोममधील ज्यू समाज दोन हजार वर्षांहून जुना. 1555 मध्ये पोपच्या आज्ञेने त्यांना तटबंदीत कोंडले आणि 1870 पर्यंत ती कोंडी सुटली नाही. व्यवसायावर बंधने, जागा अपुरी. तरी काय खावे आणि काय खाऊ नये हे त्यांनी सोडले नाही. त्या वस्तीचा मानाचा पदार्थ म्हणजे आर्टिचोक, कमळाच्या कळीसारखी भाजी, अख्खी तेलात तळून फुलासारखी उमललेली. कांदा-लसूण नाही, फक्त मीठ-मिरी.

बाईंनी विचारले, “पाकळ्यांत जीव असतील तर?” गंमत अशी, की हाच प्रश्न 2018 मध्ये इस्राएलच्या धर्मपीठाने उपस्थित केला होता. पाकळ्यांत किडे लपू शकतात, म्हणून अख्खा आर्टिचोक निषिद्ध, असे तेथून सांगण्यात आले. रोमच्या ज्यूंनी ते मानले नाही. आमची जात घट्ट मिटलेली असते आणि आम्ही ती नीट साफ करतो, असे त्यांचे म्हणणे. फुलकोबीवरून आपल्या घराघरांत होणारी चर्चा त्या वस्तीतही तशीच होते, हे ऐकून बाईंना नवल वाटले.

तेल वेगळे आहे ना, याची खात्री करून शेठजींनी एक आर्टिचोक मागवला, पाकळी-पाकळी उलगडून पाहिली आणि खाल्ला. बाईंनी घेतला नाही. त्यांनी मीठ लावलेला टोमॅटो आणि भाकर घेतली. कोणी कोणाला आग्रह केला नाही, कोणी कोणाला बोल लावला नाही. व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते. दुसऱ्याच्या ताटावर ते लादले की त्यात हिंसेचा अंश येतो, ही गोष्ट त्या टेबलावर न बोलता समजली गेली. आणि निघताना बाईंनी धरलेली भीती खरी ठरली नाही. आठही संध्याकाळी शेठजी सूर्यास्तापूर्वीच जेवले. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते.

चांगले खाणे म्हणजे पुष्कळ खाणे, असा समज असलेला माणूस रोमहून पोट बिघडवून परततो. द्रव्ये मोजणाऱ्याला मात्र निवड करावी लागते; आणि निवड करायची तर पाहावे लागते, विचारावे लागते, चव लक्षात ठेवावी लागते. पंधरा द्रव्यांतले एक आज वसंतातल्या ओल्या शेंगांसाठी राखून ठेवायचे, असे ठरवणारी स्त्री त्या शेंगा जितक्या लक्षपूर्वक खाते, तितक्या लक्षपूर्वक अमर्याद ताट समोर असलेला खात नाही. उणोदरी आणि रसपरित्याग ही तपे रसाचा द्वेष शिकवत नाहीत; रसाचे मोल शिकवतात. नियम पेटीत बांधून नेता येतो, त्याला सीमाशुल्क लागत नाही, आणि परदेशातल्या बाजारात तो वाटाड्याचे काम करतो.