आता तू पहिल्या पंगतीला बस

खामगाव,
आश्विन शुद्ध द्वादशी

चि. बेबीस,


वजनाच्या ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची मिळाली, हे तू फोनवर सांगितलंस आणि लगेच विचारलंस, "ताई, हळू जेवायचं म्हणजे नेमकं काय गं?" मी काहीतरी मोघम बोलले, कारण समोर सासूबाई बसल्या होत्या आणि उत्तराचा अर्धा भाग त्यांच्याविषयीच होता. म्हणून हे पत्र.

आधी पोटाचं सांगते. माझं स्लीव्हचं ऑपरेशन. त्यात जठराचा पाऊण ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि उभी अरुंद नळी तेवढी ठेवतात. काढतात तो भाग नेमका जेवताना सैल पडून अन्नाला जागा करून देणारा. भूक जागी करणारं घ्रेलिन हे संप्रेरकही मुख्यतः तिथंच तयार होतं, म्हणून पहिले काही महिने मला भूक अशी लागतच नव्हती. तुझं बायपास. त्यात जठराचा वरचा तीसेक मिलिलिटरचा कप्पा वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात. तीस मिलिलिटर म्हणजे खोकल्याच्या औषधाची जेमतेम तीन झाकणं. दोन्हींत गोष्ट एकच: घाईने गिळलेला घास थांबेल अशी जागा आता आत उरत नाही. तो छातीच्या हाडामागे अडतो, तोंडाला पाणी सुटतं, फेस येतो, आणि मग मोरीकडे धावायचं.

शरीर त्याआधी इशारा देतं, पण तो ओळखू यायला वेळ लागतो. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते. माझं नाक गळायला लागतं. सासूबाईंना अजून वाटतं की भाजीच तिखट झाली. त्या क्षणी हातातला घास ताटात परत ठेवायचा. ताटात टाकू नये, पानावरून उठू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, त्यामुळे तो शेवटचा घास ठेवून देणं मला ऑपरेशनपेक्षा जड गेलं. आणि उलट्या रोजच्याच झाल्या तर 'जेवण बाधलं' म्हणून घरी बसू नकोस, डॉक्टरांना कळव. सतत उलट्या झाल्या की बी-1 जीवनसत्त्व झपाट्याने घटतं आणि नसांना इजा होऊ शकते.

सुरुवातीला पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, हा क्रम तुझे डॉक्टर लिहून देतील. तोच खरा, माझा नव्हे. त्या तक्त्यात आणखी लिहिलेलं असेल: घास पंचवीस-तीस वेळा चावा, जेवणाला वीस ते तीस मिनिटं द्या, दोन घासांच्या मधे चमचा खाली ठेवा. आता वरण-भाकर चमच्याने कोण खातं? हात खाली ठेवायचा तर ठेवायचा कुठे? मी गुडघ्यावर ठेवायला लागले. घास तर्जनीच्या पेरापुरताच तोडायचा. आणि पोळी मऊ म्हणून बरी, असं समजू नकोस. मऊ पोळीचा आणि गिचक्या भाताचाच आत गोळा होतो. त्यापेक्षा वरणात कुस्करून भिजवलेली ज्वारीची भाकर मला सोसते. प्रत्येकीचं वेगळं असतं, पण भीत भीत करून बघ.

मी जेवते चांदीच्या वाटीत. खामगाव म्हणजे रजतनगरी, इथे चांदीला तोटा नाही. नातवाच्या उष्टावणाला घेतलेली वाटी-चमचा कपाटात पडून होती, तीच काढली. त्या वाटीत आधी अंडं, पनीर किंवा घट्ट वरण, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकर. दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं लागतात आणि एका अंड्यात सहाच असतात, तेव्हा भाकरीने आधी जागा अडवली तर हिशेब जुळतच नाही. मला फुनके-कढीने मोठा आधार दिला. डाळच ती, आणि कढीमुळे कोरडी लागत नाही. बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र जन्मभराच्या, त्यात सूट मागू नकोस.

पाण्याचं अवघड आहे. जेवताना नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, आणि एरवीही घोट-घोट. आपण तांब्या वर धरून गटागटा पिणारी माणसं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा उन्हातून आल्यावर घोट मोजत पाणी पिणं ही शिक्षाच आहे. पण वरून ओतलेल्या पाण्याबरोबर हवाही जाते आणि पोट तुंबतं. बाटली दिवसभर जवळ ठेव, तहान लागायची वाट बघू नकोस.

परवा-तेरवा कोजागरी. सगळीकडच्या देवी उठल्या की आमच्या खामगावात मोठी देवी बसते, गावाला यात्रेचं रूप येतं आणि घरोघरी आटीव दूध. पुढच्या वर्षी तू इथे असशील तर पेला हातात घे, पण पिऊ नकोस. बायपासनंतर साखर थेट लहान आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते, आणि छाती धडधडणं, घाम, कळा, जुलाब सगळं एकदम. एकदा झालं की साखर आपोआप सुटते, असं म्हणतात खरं.

एक गोष्ट मात्र तक्त्यात ठळक लिहायला हवी होती. हळू खाण्यातही फसवणूक आहे. शेगावची कचोरी, शेव, चिवडा हे सगळं चावून सहज खाली सरकतं, काहीही अडत नाही, नाक गळत नाही. तेच अंडं किंवा मटकी दोन घासांत थांबवते. म्हणजे फरसाणाची पुडी मांडीवर घेऊन संध्याकाळभर अगदी सावकाश, एकेक शेव चावत बसलीस तर डॉक्टरांचा एकही नियम न मोडता वजन परत येईल. तेव्हा ताट लावून जेव आणि ताट उचललं की संपलं.

आता सासूबाईंचं. त्या वाईट नाहीत, पण आग्रहाशिवाय त्यांना प्रेम दाखवता येत नाही. शेजारच्या काकू तर वाटी बघून दारातूनच, "काहून वो बाई, इतलंसंच?" लग्नात वाढपी बुंदी टाकून पुढे गेलेला असतो. यावर उपाय सापडायला मला वर्ष लागलं: "नको" म्हणायचं नाही, "वाढा, सावकाश घेते" म्हणायचं. वाढणाऱ्याचं समाधान होतं आणि ते ताटात राहतं.

पण खरी अडचण आग्रहाची नाही, बेबी. आपण भरभर जेवायला शिकलो कुठे? आई सगळ्यांच्या पंगती उठल्यावर तव्यावरची शेवटची भाकर हातावर घेऊन चुलीपाशीच उरकायची. मी शाळेत मधल्या सुट्टीत मुलांची खिचडी वाढून झाल्यावर उभ्याउभ्याच डबा संपवला, नोकरीभर. चरकाने सांगून ठेवलंय की फार भरभर नाही, फार रेंगाळत नाही, बोलत-हसत नाही, मन लावून जेवावं. वाग्भट म्हणतो पोटाचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला, एक वाऱ्यासाठी मोकळा. दोघेही थोर. पण गरम भाकर ताटात कोण आणून टाकणार, याबद्दल दोघांनीही काही लिहिलेलं नाही. अर्धा तास बसून जेवायला अर्धा तास दुसऱ्या कुणीतरी उभं राहावं लागतं. आपल्या घरांत तो वेळ बायकांच्या वाट्याला ठेवलेलाच नसतो. वजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईला सगळे 'मनावर ताबा ठेव' सांगतात. ताबा होता गं माझ्याकडे. बसायला पाट नव्हता.

पहिले दोन महिने मी सगळ्यांना वाढून मग वाटी घ्यायचे, आणि तोवर कुणी चहा मागायचं, कुणाची शिकवणीची वेळ व्हायची. घास अडायचा तो तेव्हाच. शेवटी मी सांगितलं की मी आधी जेवणार. घरात चार दिवस अवघडलेपण होतं. सासूबाईंनी तोंडाने काही म्हटलं नाही, भांडी जरा जोरात ठेवली. आमचे हे मात्र पोळ्या शेकायला शिकले, अजूनही एक कडा कच्ची राहते. आता मी वाटी घेऊन बसले की घरात कुणी हाक मारत नाही. मारली तरी मी ओ देत नाही.

तेव्हा जावईबापूंना हे पान वाचायला दे. त्यांना रागावायचं असेल तर माझ्यावर रागवू दे. ऑपरेशनच्या आधीच ठरवून घ्या की सकाळचे डबे कोण करणार आणि रात्री कोण वाढणार. नंतर तुझ्या अंगात वाद घालायची ताकद नसेल. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, घाबरू नकोस, बहुतेकींचे परत येतात.

डिस्चार्जच्या दिवशी मी येतेय. जळंबला गाडी धरेन. बरोबर आंबिलीचं पीठ आणि मुगाची डाळ आणते, मिक्सर तेवढा दुरुस्त करून ठेव. सासूबाईंनी तुझ्यासाठी डिंकाचे लाडू करायला घेतलेत, ते मी इथेच ठेवून येईन.

तुझी,
ताई