कारवान फ्लॅटमध्ये

पुण्याच्या सहकारनगरहून ताईचा फोन आला की आधी बाजीची खबर, मग माणसांची. परवा ती चिडलेली होती. सोसायटीतल्या एका काकांनी लिफ्टमध्ये ऐकवलं, "शिकारी कुत्रं फ्लॅटमध्ये कोंडणं पाप आहे. अशी कुत्री गावाकडेच बरी." बर्लिनच्या ट्राममध्ये माझ्या फ्रीडाकडे बघत मलाही लोकांनी हेच सुनावलंय. काकांच्या बोलण्यात कणव होती, हे मी ताईलाही सांगितलं. पण बाजी आणि फ्रीडा दोघांना 'शिकारी' म्हणून एकाच दावणीला बांधलेलं मला पटत नाही.

बाजी कारवान. लातूर-सोलापूरकडच्या वस्त्यांवर राखणीला दिसतात तो लांबोडक्या तोंडाचा, आत गेलेल्या पोटाचा कुत्रा. कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने ही जात सांभाळली आणि 2005 साली टपाल खात्याने त्याच नावाने तिचं तिकीट काढलं. फ्रीडा जर्मन शॉर्टहेअर पॉइंटर. तो डोळ्यांनी शिकार शोधणारा, ही नाकाने. सगळा फरक इथून सुरू होतो.

माझ्या लेखी कारवान हा पैलवान आणि पॉइंटर हा वारकरी. (ही उपमा कुणाला खटकेल, पण पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव याच परंपरेतले.) पैलवानाची कुस्ती काही मिनिटांत निकाली निघते. मेहनत झाली की उरलेला वेळ खुराक, मालिश आणि झोप, आणि त्याला कुणी आळशी म्हणत नाही. बाजी मैदानात सुटला की बघत राहावं: चारही पाय पोटाखाली गोळा होतात, मग चारही लांब फेकले जातात, आणि दोन्ही वेळा अंग जमिनीपासून सुटलेलं असतं. अशा थोड्या फेऱ्या झाल्या की गडी दुपारभर सोफ्यावर, मागचे पाय भिंतीला टेकवून. वारकऱ्याचं बळ वेगळं. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, रोजचा टप्पा, एकच लय, आणि मुक्कामी पोचल्यावरही कीर्तन आहेच. फ्रीडाची सकाळ पावसात, बर्फात, कशातही ग्रुनेवाल्डच्या जंगलात जाते. तिथे कुत्री मोकळी सोडायला रीतसर जागा राखलेली आहे. तासन् तास पळूनही ती दारात ताजीतवानी उभी असते. तिला दमवायचं तर नाकाला काम द्यावं लागतं. गवतात कापडी पुडी लपवली की ती वाऱ्याला आडव्या येरझाऱ्या घालत शोधते आणि अचानक थिजते. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाकपुड्या तेवढ्या हलतात. तेवढ्या शोधाने ती जशी शांत होते, तशी पळून होत नाही.

म्हणून काकांना सांगावंसं वाटतं, फ्लॅटमध्ये राहणं अवघड जातं ते फ्रीडाला, बाजीला नव्हे. तो दख्खनच्या उन्हात घडलेला, आखूड केसांचा, घरात जवळजवळ निःशब्द. पुण्यात लोक हौसेने हस्की पाळतात. कुणाच्या हौसेत मी का पडावं? पण बर्फात गाडी ओढायला घडवलेलं दुहेरी केसांचं जनावर एप्रिल-मेमध्ये एसीच्या आधाराने जगवायचं आणि आपल्या मातीतला कारवान मात्र 'गावाकडेच बरा', हे मला सहन होत नाही.

बाजीला हवी फक्त कुंपण घातलेली मोकळी जागा. तळजाईवर त्याला सोडता येत नाही. तिथे मोर आहेत, आणि दूरवर काही हललं की या जातीला मागून मारलेली हाक ऐकूच येत नाही. घराजवळ तशी जागा नाही, म्हणून ताई खडकवासल्याच्या पुढे ओळखीच्यांच्या तारेच्या कुंपणातल्या प्लॉटवर त्याला नेते. तार मात्र काटेरी नको. या कुत्र्यांची कातडी इतकी पातळ की बाभळीचा काटासुद्धा लांब चीर पाडतो. पट्टाही नेहमीचा चालत नाही. मान डोक्याइतकीच रुंद, त्यामुळे मागे ओढ घेतली की पट्टा कानांवरून अलगद निसटतो आणि कुत्रा रस्त्यावर. रुंद कापडी पट्टा घ्यावा, ओढ बसली की बेताने आवळला जाणारा.

छाती खोल असलेल्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडू शकतो. पोट फुगलंय, कुत्रा ओकायला बघतोय पण काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठावा. तातडीने ऑपरेशन केलं नाही तर जीव जातो. भरल्या पोटी पळवू नये, हे दोघांनाही लागू. भुलीचं मात्र बाजीच्या बाबतीत जास्त जपायचं. ग्रेहाउंडसारख्या अंगावर चरबी नसलेल्या जातींत थायोपेंटोनची भूल उतरायला फार वेळ लागतो, आणि कारवानाचा बांधा तोच. डॉक्टर बदलले, रात्रीचे कुणी नवे असले, तरी हे राहून जाऊ नये म्हणून ताईने बाजीच्या फायलीच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय: कारवान आहे, भूल देण्याआधी वाचा.