छावणीच्या गल्लीतून घराच्या शोधात

औरंगाबादच्या छावणीत वाढलेले आमच्या पिढीचे चारजण कुठल्या लग्नकार्यात भेटले, की बोलणं हटकून एका जागी येऊन थांबतं: कोणाच्या वडिलांनी कुठं घर घेतलं? एक घर बन्सीलालनगरला गेलेलं असतं, दुसरं पदमपुऱ्यात, तिसरं सिडकोतल्या एन-7 ला, चौथं भावसिंगपुऱ्याच्या नंदनवन कॉलनीत. साधारण 1970 ते 1990 या वीस वर्षांत छावणीतली कितीतरी कुटुंबं अशी पांगली. त्या काळात प्रत्येक घरात रात्रीच्या जेवणाला एकच विषय असायचा. कुठली गल्ली चांगली, कुठला प्लॉट सरळ, कोणाचा शब्द खरा. आम्ही पोरं ताटावर बसून ऐकायचो आणि घर निवडायची सगळी विद्या नकळत कानांत साठवायचो.

त्या विद्येचं मूळ छावणीच्या रस्त्यांत होतं. तटबंदीच्या आतलं शहर मलिक अंबरच्या काळापासून वाढत आलेलं. गुलमंडी, सराफा, सिटी चौक, सगळीकडे वळणावळणाचे बोळ, एकमेकाला टेकलेले वाडे, माळवदाची छपरं. खाम नदीच्या पश्चिमेला, लोखंडी पूल ओलांडला की चित्र बदलायचं. निजामाच्या पदरच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेसाठी छावणीची ही वसाहत उभी राहिली. 1857 च्या जूनमध्ये इथल्याच घोडदळाने बंड केलं, आणि त्या शिपायांना जिथं मारलं तो काळा चबुतरा आज क्रांती चौक म्हणून ओळखला जातो. फौजेची वस्ती म्हणून रस्ते सरळ आखलेले, दोन्ही बाजूंना कडुनिंब आणि चिंच, बुंध्यांना चुना-गेरूचे पट्टे, बंगल्यांना मोठी आवारं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला तरी दुपारी अनवाणी पळत जाता येईल एवढी सावली त्या रस्त्यांवर असायची.

आम्ही मात्र बंगल्यांतले नव्हतो. आमची घरं बाजाराच्या बाजूला, तोफखान्यात, पेन्शनपुऱ्यात, गवळीपुऱ्यात. दोन खोल्या, कवेलूचं छप्पर, खाली शहाबादी फरशी, पुढे दगडी ओटा. शेजारी एका बाजूला निवृत्त सुभेदार, दुसऱ्या बाजूला दूधवाले, समोर ख्रिस्ती मास्तरीणबाई, कोपऱ्यावर शिवणकाम करणारे चाचा. गल्लीत मराठी, दखनी, तेलुगू असं सगळं एका दमात बोललं जायचं. गुरुवारी आठवडी बाजार भरायचा. जनावरांच्या गळ्यातल्या घंटा आणि धूळ सकाळपासून. नवरात्रात सगळी गल्ली पायी कर्णपुऱ्याच्या देवीला जायची, नाताळाला केकचे तुकडे घरोघर फिरायचे, ईदला शीरखुर्म्याचे डबे. पलीकडे 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनाकडे, म्हणजे त्या महाविद्यालयाच्या आवाराकडे, वह्या छातीशी धरून निघालेली खेड्यापाड्यांतली मुलं आमच्या ओट्यांवरून दिसायची. शिक्षणानं माणूस कुठल्या कुठं जातो, हे आमच्या आयांना कोणी भाषणातून सांगावं लागलं नाही.

मग असा रस्ता, असा शेजार सोडून लोक का गेले? कारण पायाखालची जमीन आपली नव्हती. छावणीतली जमीन संरक्षण खात्याची. कारभार छावणी परिषदेकडे, तिचा अध्यक्ष लष्करी अधिकारी, लोकांनी निवडून दिलेले सदस्य आणि उपाध्यक्ष त्याच्यासोबत असायचे. 1924 च्या कायद्यानं आणि पुढे 2006 च्या नव्या कायद्यानं हे सगळं चालत आलं. इथं महसूल खात्याचा सातबारा नाही. नोंद छावणीच्या जमीन रजिस्टरात. जुन्या बंगल्यांपैकी अनेकांची अवस्था ‘ओल्ड ग्रँट’ची, म्हणजे वरचं बांधकाम राहणाऱ्याचं, खालची जमीन सरकारची, आणि सरकारला गरज पडली तर ती परत घेता येईल अशी अट. बाजारातल्या घरांनाही भाडेपट्टे, परवानग्या, नकाशे. एक खोली वाढवायची तर अर्ज, मजला चढवायचा तर बहुधा नकार. घर विकायचं तर खरेदीखतावर सही झाली म्हणजे संपलं असं नाही. छावणीच्या रजिस्टरात नाव चढेपर्यंत जीव टांगणीला. बँका अशा घरावर कर्ज द्यायला का-कू करायच्या. थोरल्या भावाचं लग्न ठरलं आणि त्याला स्वतंत्र खोली द्यायची वेळ आली, की घराघरात शोध सुरू व्हायचा.

शहरही त्याच सुमारास कूस बदलत होतं. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ आलं, चिकलठाण्याला एमआयडीसी आली, आणि सत्तरच्या दशकात सिडकोनं शहराच्या पूर्वेला नवं औरंगाबाद आखायला घेतलं. एन-1, एन-2 करत सेक्टर पडले. जायकवाडीचं धरण 1976 ला पुरं झालं आणि नाथसागराचं पाणी शहराची तहान भागवायला लागलं. 1982 च्या डिसेंबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली. 1985 ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि नगर नाक्यावरून कामगारांच्या बसगाड्यांची रांग लागली. पूर्वेला सिडको, पश्चिमेला वाळूज, मधे आमची छावणी. नोकरी कुठल्या दिशेला, त्यावर घर कुठं घ्यायचं ते ठरायला लागलं.

आमच्या वडिलांच्या पिढीनं गल्ली कशी निवडली, ते आज आठवलं की त्यांच्याबद्दलचा आदर वाढतो. जाहिरात नव्हती, दलाल होते पण त्यांच्या शब्दावर कोणी जायचं नाही. रविवारी सायकली काढून दोघं-तिघं मित्र निघायचे. एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, एकदा दिवेलागणीनंतर. सकाळी कळायचं पाणी येतं का आणि शाळेत मुलं कशी जातात. दुपारी कळायचं सावली आहे का आणि कारखान्याचा धूर कुठून येतो. रात्री कळायचं रस्त्यावर दिवा आहे का, बायाबापड्या बिनधास्त येतात-जातात का. आणि एक फेरी मृगाच्या पहिल्या पावसानंतर हमखास. प्लॉटवर पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं, नाल्याची जुनी वाट कुठली, हे त्या एका पावसात दिसतं. आमच्या शहराला सुखना आणि खाम या दोन नद्या. वर्षभर कोरड्या दिसल्या तरी पावसाळ्यात आपली जागा त्या विसरत नाहीत. काळी माती आहे की मुरूम, हे पायानं उकरून बघायचे, कारण काळी माती फुगते, पाया हलतो आणि भिंतींना तडे जातात. तिथं खोल खणून मुरमापर्यंत जावं लागतं आणि खर्च वाढतो.

आया वेगळी पाहणी करायच्या, आणि खरा निकाल त्यांचाच. सोबत एखादी शेजारीण घेऊन त्या गल्लीत जायच्या आणि सरळ सार्वजनिक नळापाशी उभ्या राहायच्या. ‘ताई, पाणी कितव्या दिवशी येतं? किती वेळ? तुमच्याकडे आड आहे का? उन्हाळ्यात आटतो का?’ 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या त्या बाया; पाण्याबद्दल त्यांना कोणी फसवू शकत नव्हतं. मग हळूच, ‘शेजारी कसे आहेत हो? रात्री-बेरात्री दार वाजवलं तर उघडतात का?’ घर पाहावं बांधून म्हणतात, पण आमच्या आयांनी घर पाहिलं ते शेजारणीच्या तोंडून.

कागदाची बाजू वडिलांची. छावणीत राहिल्यामुळे जमीन कोणाच्या नावावर आहे, हे आधी बघायची त्यांना सवयच लागली होती. सातबारा किती वर्षांचा काढायचा, फेरफार जुळतो का, जमीन अकृषिक झाली का, लेआऊट मंजूर आहे का, रस्त्याची आणि बागेची जागा नकाशात दाखवली आहे तेवढी प्रत्यक्षात सोडली आहे का. वकिलाकडे शोध घेतल्याशिवाय इसार द्यायचा नाही. तरी शहराच्या कडेला गुंठेवारी फोफावली. शेतजमिनीचे तुकडे बॉण्डपेपरवर विकले गेले. ज्यांच्याकडे पैसे थोडे आणि गरज मोठी, त्यांनी ते घेतले, आणि रस्ता, गटार, पाणी यांसाठी पुढची कितीतरी वर्षं वाट पाहिली. 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला तेव्हा अशा घरांतल्या म्हाताऱ्यांनी कागद कपाळाला लावले. ती घरं कष्टाच्या पैशांनी उभी राहिली होती. मंजूर लेआऊटमधली जमीन या लोकांच्या ऐपतीत बसेल अशी मिळालीच नव्हती, मग दोष त्यांना कसा द्यायचा?

सिडकोचं तर सुरुवातीला कोणाला पटत नव्हतं. गुलमंडीपासून एवढं लांब, रात्री कोल्हे ओरडतात, असं लोक म्हणायचे. पण ज्यांनी धीर करून अर्ज भरले, त्यांना आखलेले रस्ते, बागेची राखलेली जागा आणि हप्त्यांत घर मिळालं. तिथंही जमीन भाडेपट्ट्यानं होती, आणि छावणीकरांना त्याचं दडपण कमी वाटलं, कारण भाडेपट्ट्यावर जगणं काय असतं हे त्यांनी अनुभवलं होतं. पुढे 2006 मध्ये सिडकोचा हा भाग महापालिकेकडे गेला. आज सिडकोतल्या कॅनॉटच्या आसपास रात्री जी वर्दळ असते, ती पाहून तेव्हाचा ‘जंगल’ हा शब्द मुलांना खरा वाटत नाही. गारखेडा, उल्कानगरी, बीड बायपास, सातारा परिसर, पडेगाव, मिटमिटा, एकेक करत शहर सगळीकडे पसरलं.

या आठवणींत एक बोचरी गोष्टही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. नव्या कॉलन्यांत घर बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा. ‘कोणाची वस्ती आहे?’ हे विचारलं जायचं आणि त्यावर होकार-नकार ठरायचा. छावणीच्या गल्लीत ज्यांच्या ओट्यांवर आम्ही सारख्याच हक्कानं खेळलो, त्यांना सारखी दारं उघडली नाहीत. कुणाला बयाणा द्यायच्या दिवशी ‘घर दिलं’ म्हणून सांगण्यात आलं, कुणाला भाड्याचीही खोली नाकारली. मग माणसं आपापल्या माणसांत गेली. शहर वाढत गेलं आणि त्याच वेळी जातीधर्माच्या पट्ट्यांत कापलंही गेलं. ज्या गल्लीत सगळे एका नळावर पाणी भरायचे, तिथून निघालेली चार घरं आज शहराच्या चार टोकांना आहेत. हे केवळ जागेच्या किमतींमुळे झालेलं नाही.

छावणीत राहणाऱ्यांपैकी जमीन कोणाचीच नव्हती, हे आता मागे वळून पाहताना फार मोठं वाटतं. जमीन आपली नाही म्हणून भाव वाढायची कोणी वाट पाहिली नाही. ज्याला राहायचं तो राहिला, आणि राहणाऱ्यांनी गल्ली सांभाळली. ओट्यासमोर सडा, झाडाला पाणी, आजाऱ्याला डबा, परीक्षेच्या दिवसांत सगळ्यांचा रेडिओ हळू. पुढे आमच्या वडिलांनी जिथं घरं बांधली, तिथं पहिलं काम गेटबाहेर कडुनिंब लावायचं केलं, आणि दुसरं काम गल्लीतल्या सगळ्यांना घरभरणीला बोलवायचं. आज पदमपुऱ्यात, बन्सीलालनगरात, सिडकोच्या जुन्या सेक्टरांत जे रस्ते हवेहवेसे वाटतात, तिथली सावली अशाच कोणाकोणाच्या हातची आहे.

आता छावण्यांचा नागरी भाग लष्करापासून वेगळा करून शेजारच्या पालिकेत मिसळण्याच्या हालचाली देशभर चालू आहेत. 2023 मध्ये हिमाचलातल्या योलपासून सुरुवात झाली. आमच्या छावणीचं नावही या चर्चेत आहे. ते झालं तर जुन्या घरांना आज ना उद्या मजले चढतील, कर्ज सोपं होईल, आणि ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या परवानग्यांच्या दारात चकरा मारल्या त्यांना दिलासा मिळेल. तो त्यांचा हक्क आहे. पण सरळ रस्ते, चिंचा-कडुनिंब आणि मोकळी आवारं यांना त्या नकाशात कायद्यानं जागा राखून ठेवली पाहिजे. एकदा तिथं उंच इमारती झाल्या, की ही सावली पुन्हा लावायला एका माणसाचं आयुष्य पुरणार नाही.

आमची मुलं आता घरं शोधतात. मोबाइलवर चौरस फुटाचा दर, पार्किंग, लिफ्ट, क्लबहाऊस दिसतं. त्यांना आमचं सांगणं एवढंच: कागद आजोबांसारखा बघा, एक ओळ न वाचता सोडू नका. पाणी आजीसारखं विचारा, आणि ते विकणाऱ्याला विचारू नका, तिथं राहणाऱ्या बाईला विचारा. या शहरात अजूनही नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून टँकरवर महिन्याला किती जातात ते आधी समजून घ्या. पहिल्या पावसानंतर एकदा गल्लीतून पायी चाला. आणि तिथं वेगवेगळ्या आडनावांच्या पाट्या दिसतात का, म्हातारी माणसं संध्याकाळी बाहेर बसतात का, पोरं रस्त्यावर खेळतात का, हे बघा. असा रस्ता सापडला आणि घर त्यात थोडं लहान पडत असलं, तर लहान घर घ्या. एखादी खोली मागाहून वाढवता येते. चांगली गल्ली मात्र तिथं राहणारे सगळे मिळून वर्षानुवर्षं घडवतात, आणि तिच्यात राहायला गेल्यावर तुमचा वाटाही तुम्हालाच उचलायचा असतो.